सात घाट आणि एक फोन

वाईला कृष्णेवर सात घाट आहेत. गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही, धर्मपुरी, रामडोह, गंगापुरी आणि भीमकुंड. बाहेरून येणारी मंडळी ढोल्या गणपतीचं दर्शन घेतात, घाटावर फोटो काढतात आणि पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरकडे निघून जातात. त्यांना घाई असते. पण आम्ही इथं राहणाऱ्या बायका तरी गाव कितीसं बघतो?

माझं माहेर बार्शीचं. लग्न होऊन वाईला आले त्याला आता तेरा वर्षं होतील. सून म्हणून आलेल्या मुलीला सगळे मिळून घर शिकवतात. आमटीत गूळ किती, देवाचं सोवळं कुठं ठेवायचं, वन्संना कोणता रंग आवडत नाही, सगळं. गाव मात्र कुणी शिकवत नाही. दूध, मंडई, मुलांची शाळा, दवाखाना आणि मंगळवारी गणपती, एवढ्या रस्त्यांचं आपलं गाव होतं. बाकीच्या आळ्या हळदीकुंकवाच्या निमित्तानं कळल्या तर कळल्या. मैत्रिणींनो, तुमच्याही गावाची गोष्ट फारशी वेगळी नसेल.

बी. ए.ला माझा इतिहास होता आणि आठवड्यातले तीन दिवस मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. तेव्हा शिकवण्याची खोड म्हणा, किंवा घरात दिवसभर चालणारं फोनचं भांडण मिटवण्याची युक्ती म्हणा, गेल्या वर्षी मी एक ठरवलं. शनिवारी सकाळी एक तास मुलांना फोन मिळेल, पण घरात नाही. घाटावर. आणि तोही समोर काहीतरी दिसलं, त्याबद्दल काही विचारावंसं वाटलं, तरच. आधी प्रश्न, मग फोन. माझी दोन मुलं, शेजारची तीन आणि हळूहळू त्यांच्या आयाही यायला लागल्या. आता तर कधीकधी मुलं क्रिकेटला जातात आणि आम्ही बायकाच तेवढ्या घाटावर असतो!

पहिला प्रश्न धाकटीनं विचारला. ढोल्या गणपतीच्या देवळाला मागून वळसा घातला की गाभाऱ्याची भिंत सरळ नाही, ती माशासारखी निमुळती होत गेली आहे. "देवळाला नाक का आहे?" असं तिनं विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं. पावसाळ्यात कृष्णेचा लोंढा देवळावर आदळला तर तो फाटून दोन्ही अंगांनी निघून जावा, म्हणून ही भिंत मत्स्याकार बांधली आहे. पण हे नुसतं सांगून मुलांच्या डोक्यात शिरतं थोडंच? घरी आल्यावर परातीत एकदा काड्यापेटी आडवी ठेवली आणि एकदा बटाट्याची टोकदार फोड. तांब्यानं पाणी ओतलं आणि फोनवर मंद गतीचं चित्रीकरण केलं. काड्यापेटीवर पाणी आपटून उडालं आणि पेटीच वाहून गेली. फोडीच्या टोकावर मात्र ते अलगद दुभंगलं. तो दहा सेकंदांचा तुकडा मुलांनी वीस वेळा पाहिला. पुढच्या शनिवारी तीच मुलं देवळाच्या मागे उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत होती.

हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. गावातल्या कुणालाही विचारा, रास्त्यांचं नाव सांगतील. पण त्या दिवशी देवळाच्या पायरीवर बसून फोनवर रास्त्यांबद्दल वाचता वाचता आम्ही गोपिकाबाईंपाशी येऊन थांबलो. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या भिकाजी नाईक रास्त्यांच्या कन्या, म्हणजे आमच्या गावच्या रास्त्यांची लेक. मी वाईला सून म्हणून आले आणि त्या वाईच्या रास्त्यांच्या घरातून पेशव्यांच्या घरी गेल्या. मी इतिहास शिकवते, म्हणून सालं मनात जुळली. पानिपत १७६१ च्या जानेवारीत झालं. थोरला मुलगा विश्वासराव तिथं पडला. त्याच वर्षी नानासाहेब गेले. आणि पुढच्या वर्षी गोपिकाबाईंच्या माहेरच्या माणसांनी इथं हे देऊळ उभं केलं. पुढं माधवराव १७७२ मध्ये क्षयानं गेले आणि १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. तिन्ही मुलगे आईच्या डोळ्यांदेखत गेले. त्यानंतरही त्या पंधरा वर्षं जगल्या.

शेजारच्या वहिनी दर मंगळवारी इथं येतात, बावीस वर्षं झाली. त्या म्हणाल्या, "अगोबाई, आणि मी आपली मुलाच्या मार्कांसाठी नवस बोलत बसते." मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. पुस्तकात हे सगळं छापलेलं आहे, कधीच छापलेलं आहे. पण त्याच दगडी पायरीवर बसून वाचणं वेगळं. त्यासाठी ग्रंथालयातून जाडजूड पुस्तक काढून ते नदीवर कोण घेऊन येणार होतं?

आता मजा बघा. हे वाचायला मी फोनवर जे उघडते, त्यातला सगळ्यांत भरवशाचा ऐवज वाईतच तयार झालेला आहे. मराठी विश्वकोश! त्याची कचेरी गंगापुरीत आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी त्याची धुरा घेतली, पहिला खंड १९७६ साली निघाला आणि आता वीसही खंड फोनवर फुकट वाचता येतात. माझ्या वडिलांकडे त्यातले दोन खंड होते, त्यांना आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. आता गंगापुरीच्या घाटावर शेंगा सोलता सोलता त्यातली 'कृष्णा' ही नोंद वाचता येते. फोन म्हटला की करमणूक आणि भलतेसलते निरोप, अशी ज्या सासूबाईंची तक्रार असेल, त्यांना आधी हा विश्वकोश उघडून दाखवावा.

माझ्या सासूबाईंची तक्रार तीच होती. त्यांचे गुडघे गेली चार वर्षं धरलेले आहेत. घराचा उंबरा ओलांडणंही जिवावर येतं, मग घाटाच्या पायऱ्या कुठल्या उतरायला! एका शनिवारी मुलानं घाटावरून त्यांना व्हिडिओ फोन लावला, नुसता गंमत म्हणून. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि बघता बघता सूत्रं हातात घेतली. "अरे, जरा खाली धर. अजून खाली. ती कोपरा तुटलेली पायरी दिसते का? त्या वर्षी पाणी तिथवर होतं आणि आम्ही बायका वरच्या भिंतीपाशी उभ्या राहून बघत होतो." मग त्यांनी धुणं धुवायच्या जागा सांगितल्या. कोणत्या आळीच्या बायकांनी कुठं बसायचं, पापड लाटायला गोलाकार कुठं जमायचं, उत्सवात कृष्णाबाईची पालखी ठेवली की कीर्तनाला बायकांची बैठक कुठल्या बाजूला असे. मी समोर उभी होते आणि मला काहीच दिसत नव्हतं. त्या घरात खाटेवर होत्या आणि त्यांना सगळं दिसत होतं.

तेव्हापासून आमचा शनिवारचा क्रम बदलला. एक जण फोन धरतो, सासूबाई घरून सांगतात, दुसऱ्या फोनवर त्यांचा आवाज साठवून घेतो. जागेचा फोटो काढून आवाजाच्या फायलीला त्याच जागेचं नाव देतो, म्हणजे पुढं शोधायला त्रास पडत नाही. आतापर्यंत असे चौदा तुकडे झाले. यातलं काहीही कुठल्या पुस्तकात नाही आणि गूगलच्या नकाशातही नाही. बायकांच्या धुण्याच्या जागा कोण छापणार? सासूबाईंचं वय एक्याऐंशी आहे. मी हे घाईनं करते आहे, ते का, हे त्यांनाही कळतं. परवा स्वतःच म्हणाल्या, "भीमकुंड राहिलंय गं. पावसाळ्याआधी उरकून घेऊ."

नकाशाचं एक सांगायला हवं. आपल्याला ठाऊक असलेली जागा त्यात आपणही भरू शकतो, ही सोय चांगली. पण एकानं चुकीचं नाव भरलं की शंभर जण तेच खरं मानून चालतात. म्हणून आमचा नियम असा, की दोन जुन्या माणसांनी वेगवेगळं विचारल्यावर तेच नाव सांगितलं, तरच ते भरायचं. शाळेत उत्तर पडताळून बघायला शिकवतो, त्याचा याहून चांगला धडा मला सुचलेला नाही.

फोन सगळं जाणतो असंही नाही हं. देवळाजवळच्या झाडाचा फोटो दाखवून विचारलं तर त्यानं बेधडक 'वड' असं सांगितलं. फुलं विकायला बसणाऱ्या मावशी हसल्या. म्हणाल्या, "वडाचं पान एवढंसं असतंय व्हय? नांद्रुक हाय ते." पान हातात घेऊन पाहिलं. वडाचं पान मोठं, जाड, रुंद. हे लहान आणि गुळगुळीत. मग फोनमध्ये 'नांद्रुक' शोधून दोन्ही चित्रं शेजारी ठेवली, तेव्हा मावशीच बरोबर निघाल्या. मुलांना याचा फार आनंद झाला. फोन हरला की मुलांना का कोण जाणे, बरं वाटतं.

नदीचा धडा मात्र फोनखेरीज जमलाच नसता. कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेघेत अवघा ६४ किलोमीटरवर. नकाशात अंतर मोजायची सोय असते, ती मुलांनी लावून पाहिली. मग त्यांना म्हटलं, आता नदीवर बोट ठेवा आणि ती नेईल तिकडे जा. धोम धरणाचं पाणी, मग आपली वाई, मग साताऱ्याजवळ संगम माहुली, कऱ्हाडला कोयना भेटते, औदुंबर, सांगली, नरसोबाची वाडी, तिथं पंचगंगा. पुढं कर्नाटकात अलमट्टी, मग नागार्जुनसागर, विजयवाडा आणि शेवटी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालचा उपसागर. सगळा प्रवास सुमारे १,४०० किलोमीटरचा. चौसष्टचा रस्ता सोडून चौदाशेचा धरला! बोट सरकवता सरकवता सह्याद्रीचा कणा आणि पूर्वेकडे कललेलं पठार मुलांना आपोआप समजलं. माझ्या मोठ्यानं घाटावर टाकलेल्या निर्माल्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे हे सांगलीला जातं?" मी काही उत्तर दिलं नाही. आमच्या घरचं निर्माल्य त्या दिवसापासून कुंडीत जातं.

दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही सूर्याची वेळ पाहिली. याला खर्च काहीच नाही. अंगणात किंवा गच्चीत एक सरळ काठी उभी रोवायची, आणि साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूनं खूण करायची. सावली सगळ्यांत आखूड होईल ती खरी मध्यान्ह. बाराला व्हायला हवी ना? आमची झाली सव्वाबारा टळून गेल्यावर, बारा अठराच्या सुमाराला. मुलं म्हणाली, फोनचं घड्याळ चुकलं. घड्याळ बरोबरच होतं. आपली सगळ्या देशाची वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे, ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. फोनमध्ये वाईचा रेखांश पाहिला तर जवळजवळ ७३.९. एका अंशाला चार मिनिटं धरली की वाईचा सूर्य सरासरीनं ३४ मिनिटं मागं पडतो. शिवाय पृथ्वीची चाल वर्षभर सारखी नसते आणि तिचा आसही कललेला, त्यामुळे नोव्हेंबरात मध्यान्ह सोळा मिनिटं आधी येते आणि फेब्रुवारीत चौदा मिनिटं उशिरा. फेब्रुवारीत हाच प्रयोग केलात तर आखूड सावली पावणेएकच्या पुढं मिळेल. सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी सावली बघूनच देवाला नैवेद्य दाखवत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असाही येतो, की भर मध्यान्ही वाईतल्या काठीची सावलीच नाहीशी होते. त्याची मुलं वाट बघताहेत.

ती आखूड सावली नेमकी उत्तर-दक्षिण पडते. फोनमधल्या होकायंत्रानं ती ताडून पाहता येते. फोनच्या पाकिटाला लोहचुंबकाचं झाकण असेल तर ते आधी काढा, नाहीतर उत्तर दिशा थेट स्वयंपाकघरात निघेल. लोखंडी कठड्याजवळही तेच होतं.

वाईहून तीनएक किलोमीटरवर मेणवली. तिथं जायला मात्र सगळा रविवार ठेवला. 'स्वदेस' हा चित्रपट २००४ साली आला, त्याचं चित्रीकरण इथं झालं, म्हणून पाहुण्यांची रीघ असते. आमच्या यजमानांनाही त्याचंच कौतुक. पण गाव आहे नाना फडणविसांचं. त्यांचा वाडा, कृष्णेवर अर्धचंद्राकार बांधलेला घाट, मेणेश्वराचं देऊळ. नानांची मोडीतली हजारो कागदपत्रं मेणवली दप्तर म्हणून प्रसिद्ध आहेत. पुढं ती पुण्याला डेक्कन कॉलेजात गेली. वाड्यात शिरण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. आत उगाच भिंतीला हात लावू नका, जुनी चित्रं आहेत.

घाटावर एका छोट्या घुमटीत मोठी घंटा टांगलेली आहे. नुसत्या डोळ्यांना ती साधी घंटाच दिसते. फोनचा कॅमेरा जवळ ओढून फोटो काढला आणि तो मोठा करून पाहिला, तर घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी, आणि साल १७०७. म्हणजे औरंगजेब गेला ते वर्ष! १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या. एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, आणि ही इथं. वसई ते मेणवली सरळ रेघेत जवळजवळ १९० किलोमीटर. एवढं धूड त्या काळी कशावर घालून आणलं, यावर परतीच्या वाटेवर मुलांचं कडाक्याचं भांडण झालं. एकाचं मत गलबत, दुसऱ्याचं हत्ती. धाकटी मात्र वेगळंच म्हणाली. "आई, त्या चर्चला मग नवीन घंटा मिळाली का गं?" शाळेत सतरा वर्षांची मुलंही हा प्रश्न विचारत नाहीत.

तुम्ही तुमच्या गावात असं काही सुरू करणार असाल, तर अनुभवाच्या दोन-चार गोष्टी सांगते. घरातला सगळ्यांत जुना फोन पुरतो. आपण कुठं उभे आहोत हे तो उपग्रहांकडून ओळखतो, त्याला इंटरनेट लागत नाही. गावाचा नकाशा घरीच आधी उतरवून ठेवला की पैसे पडत नाहीत. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळावे लागतात, म्हणून उंच भिंतींच्या बोळात आपला निळा ठिपका शेजारच्या घरात जाऊन बसतो, घाबरू नका. मोकळ्यावर आलात की तो ठिकाणावर येतो. पायऱ्या उतरताना फोन पिशवीत, हा नियम मुलांना मोडू देऊ नका. शेवाळ्यानं घाट निसरडे असतात आणि धरणातून पाणी सोडलं की खालच्या पायऱ्या बुडतात. मुलांचे फोटो जागेच्या खुणेसकट चारचौघांत पाठवू नयेत. आणि तासानंतर फोन बंद, मग मूल कितीही रडो.

वाईला यायचं तर पुण्याहून नव्वदएक किलोमीटर, साताऱ्याहून पस्तीसेक. कृष्णाबाईचा उत्सव थंडी सरता सरता सुरू होतो, एकेका घाटावर पाळीपाळीनं. त्या दिवसांत आलात तर आमच्याकडे चहाला या. सासूबाई खिडकीशी बसलेल्या असतील, समोर फोन उभा करून. नातू घाटावरून पालखी दाखवत असतो आणि त्या त्याला अजून डावीकडे सरकायला सांगत असतात.